पेलिकन बाऊलचं आमंत्रण

ओहायोत नदीच्या अल्याड वेदरबी आणि पल्याड कॉरिगन. दोन्ही गावं एवढीएवढीशी, दोन्हीकडे एकेक कॉलेज आणि मध्ये एक लोखंडी पूल. पुलावरून दूध जायचं, कोळसा जायचा, लग्न करून मुलीही जायच्या. पण ऑक्टोबरात फुटबॉलचा सामना आला की पूल नुसता नावाला उरायचा. आजोबांच्या काळात पहिला सामना झाला तेव्हा निकाल पटला नाही म्हणून पंचाला उचलून नदीत टाकलं होतं म्हणे. कुणी टाकलं याचा निकाल अजून लागला नव्हता. दोन्ही गावं ते श्रेय आपल्याकडे ओढायची.

अलॉन्झो प्रुइट, संघातल्यांचा लॉनी, या भांडणात उपराच होता. तो पोलादाच्या भट्ट्यांच्या शहरातला. बाप भट्टीवर कामाला, आई ओडेसा लोकांचं शिवणकाम करायची. वेदरबीच्या संघात काळा असा तो एकटाच. लांबट चेंडू काखेत मारून तो एकदा सुटला की धरायला दोन-तीन गडी लागत, आणि तरी तो त्यांना फरफटत नेई. सामना जिंकला की लोक त्याच्या पाठीवर थापा मारत. सोमवारी तेच लोक रस्त्यात भेटले तर त्यातले निम्मे हॅट उचलत, निम्मे दुकानाच्या खिडकीत काहीतरी पाहत उभे राहत. अलॉन्झोने दोन्हींची सवय करून घेतली होती.

त्या वर्षी वेदरबी एकही सामना हरलं नाही. कॉरिगनला तर त्यांच्याच मैदानावर चिखलात लोळवलं. कॉरिगनचा कप्तान ब्रेंडन मुलवेनी नावाचा लालभडक केसांचा गडी होता. त्याच्या अंगावरून अलॉन्झो तीनदा गेला. जिंकणाऱ्याला मिळायची ती जुनी कोळशाची बादली वाजतगाजत पूल ओलांडून आली आणि मुख्य रस्त्यावरच्या खानावळीच्या खिडकीत टांगली गेली.

आणि मग दक्षिणेतून आमंत्रण आलं. मोसम संपल्यावर चांगल्या चांगल्या संघांना उन्हाच्या प्रदेशात बोलावून खेळवतात, त्या बाऊल सामन्यांचं वेड तेव्हा देशभर होतं. मोठ्या विद्यापीठांसाठी मोठे बाऊल, छोट्यांसाठी छोटे. पेलिकन बाऊल छोट्यांतला. पण वेदरबीला आजवर कुणी वाडगाभर सूपसुद्धा प्यायला बोलावलं नव्हतं. दोन्ही चर्चच्या घंटा वाजल्या. बेकरीवाल्या मिसेस डंकल, ज्या उधारीचं नाव काढलं की लाटणं उचलायच्या, त्यांनी अख्ख्या संघाला फुकट डोनट वाटले. अलॉन्झोच्या हातात दोन ठेवले आणि म्हणाल्या, "खा रे, खा. तिकडे जाऊन आमची लाज राख म्हणजे झालं."

सगळ्यांत जास्त हुरळला होता फीनी. तो शेवटच्या वर्षाचा, शेतकऱ्याचा पोरगा, आणि त्याने जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

"खारट असतो ना रे खरंच?" तो ज्याला त्याला विचारी.

"नाही, गोड असतो," काझिमीर वोझ्नियाक म्हणे. हा संघाचा कप्तान, बैलासारख्या मानेचा, अलॉन्झोचा खोलीतला सोबती. सगळे त्याला काझ म्हणत. "चहात घालून पितात. तू बरणी घेऊन चल."

त्या आठवड्यात एका दुपारी कोच थॉर्नडाईकनी सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं. कोच बोलताना कायम येरझाऱ्या घालायचे. त्या दिवशी ते बाकावर बसले.

"पोरांनो, तिकडून फोन आला होता," कोच म्हणाले. "मैदान तिथल्या शाळांच्या मंडळाचं आहे. मंडळाचा नियम असा, की काळा आणि गोरा एका मैदानावर एकत्र खेळायचे नाहीत. आपण यावं असं त्यांना फार वाटतंय. फक्त लॉनीला इथे ठेवून यावं."

कुणीतरी हसलं. त्याला वाटलं, कोच थट्टा करतायत. मग ते हसू अर्ध्यातच विरलं.

अलॉन्झोचे कान गरम झाले. त्याला राग आला म्हणावा तर तसंही नव्हतं. चालता चालता पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं झालं. असले नियम जगात आहेत हे त्याला का ठाऊक नव्हतं? पण सगळं गाव घंटा बडवत असताना तो ते विसरला होता. विसरलो कसा, याचाच त्याला जास्त धक्का बसला.

तो उभा राहिला. "कोच, यांना घेऊन जा तुम्ही. मी राहतो. माझी काही तक्रार नाही."

"बस खाली," काझ म्हणाला.

"काझ, ऐक माझं—"

"बस म्हणतोय ना खाली! तुला कुणी विचारलंय?" काझ खोलीकडे वळला. त्याची मान लाल झाली होती. "लॉनीला सोडून ज्याला जायचंय त्याने हात वर करा. आत्ता. मला बघायचंय."

कोपऱ्यातला नळ ठिबकत होता. एक हात खांद्यापर्यंत वर आला. फीनीचा. तो तिथे क्षणभर थांबला, मग नाक खाजवून खाली गेला. अलॉन्झोने ते पाहिलं. काझनेही पाहिलं असावं.

"झालं तर," काझ म्हणाला. "कोच, त्यांना सांगा, आम्ही येत नाही. आणि माझ्या शब्दांत सांगायचं असेल तर मीच फोन करतो."

"तुझ्या शब्दांत नको," कोच म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

अलॉन्झोने दुकानातल्या फोनवरून घरी कळवलं. मंडळाच्या नियमाचं ऐकून ओडेसाला काहीच वाटलं नाही. "हं," एवढंच ती म्हणाली. जणू त्याने तिकडे ऊन असतं असं सांगितलं. पण पुढचं ऐकल्यावर ती गप्प झाली.

"आई? आहेस ना?"

"त्यांनी नाही म्हटलं? त्या गोऱ्या पोरांनी?"

"हो."

"सगळ्यांनी?"

फीनीचा हात त्याच्या डोळ्यांपुढे आला. "सगळ्यांनी," तो म्हणाला.

"अरे देवा," ओडेसा म्हणाली, आणि तिचा आवाज घाबरल्यासारखा झाला. "मग आता तुला फार सांभाळून राहावं लागेल, बाळा. माणसं उपकार करतात आणि मग त्याची आठवण ठेवतात."

ती बोलली ते लगेच खरं होऊ लागलं. गावाला बातमी कळली आणि गाव एकदम शांत झालं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण न्हाव्याने दारावरची पताका उतरवली ती अलॉन्झो समोरून जात असतानाच. मिसेस डंकलनी त्याला पाव दिला तेव्हा वर पाहिलं नाही. पोस्टात दोन बायका बोलत होत्या, "एका पोरासाठी सगळ्यांचं—" आणि तो आत येताच पोस्टाच्या तिकिटांचा विषय निघाला. जे आधी खिडकीत पाहायचे ते तर सोडाच, हॅट उचलणारेही आता खिडकीत पाहू लागले.

फीनीने त्याला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठलं. "मी हात वर केला होता," तो म्हणाला.

"पाहिलं मी."

"मला वाटलंच. म्हटलं, तुला माहीत नसेल तर उगीच सांगून..." फीनीने टोपी पिळली. "मला अजूनही जावंसं वाटतंय, लॉनी. खोटं कशाला बोलू? तुझ्यावर राग नाही माझा. पण वाटतंय."

"मलाही वाटतंय," अलॉन्झो म्हणाला. यावर फीनी असा चमकला की जणू ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती.

आणि मग दुसरी बातमी आली: वेदरबी येत नाही म्हटल्यावर पेलिकन बाऊलने कॉरिगनला बोलावलं. कॉरिगनच्या संघात एकही काळा गडी नव्हता.

गाव पेटून उठलं. काल जे अलॉन्झोकडे पाहत नव्हते, ते आज त्याला रस्त्यात थांबवून ओरडू लागले. "ऐकलंस का रे? आपलं वाढलेलं ताट, आणि त्या कोळशाच्या पोत्यांनी पाट मांडला!" न्हावी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा धरून कॉरिगनच्या सात पिढ्या काढत होता. मिसेस डंकल म्हणाल्या, कॉरिगनच्या माणसाला पाव विकीन तर त्यात खडू घालून विकीन. ते जाणार नाहीत अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही.

अलॉन्झोला मात्र हे सगळ्यात जास्त लागलं. स्वतःचं गेलं ते एक वेळ सोसवलं असतं. पण काझ, फीनी, या सगळ्यांनी ज्यावर पाणी सोडलं ते मुलवेनीच्या घशात जाणार, आणि ते आपल्यामुळे. रात्रभर त्याने काझला झोपू दिलं नाही. "मी सांगत होतो, जा म्हणून."

"गप्प झोप," काझ उशीतून म्हणाला. "नाहीतर मीच तुला बोटीत घालून तिकडे पाठवतो."

शनिवारी भर दुपारी ते दोघं खानावळीत बसले होते. जागा गच्च भरलेली. दार उघडलं आणि बोलणं असं थांबलं की तव्यावरच्या कांद्याचा आवाज ऐकू येऊ लागला. दारात ब्रेंडन मुलवेनी उभा होता, अंगात कॉरिगनचं हिरवं जाकीट. ते जाकीट घालून या खानावळीत आजवर कुणी पाऊल टाकलं नव्हतं. त्याने खिडकीतल्या बादलीकडे पाहिलं, नाक मुरडलं, आणि सरळ त्यांच्या टेबलापाशी आला.

"बादली घासत नाही वाटतं तुम्ही," तो म्हणाला.

काझ उठू लागला. अलॉन्झोने त्याचा दंड धरला. "काय पाहिजे, मुलवेनी?"

"बसू का?"

"उभ्यानेच बोल."

"बरं." मुलवेनीने खिशात हात घातले. "आम्ही जात नाही."

कुणाला कळलंच नाही. काझ म्हणाला, "कुठे जात नाही?"

"नरकात. कुठे म्हणजे काय? पेलिकन बाऊलला. काल संध्याकाळी नाही म्हणून सांगितलं. कोचनी टोपी काढून शेगडीत टाकली आमच्या. चांगली लोकरीची होती."

मागे कुणाच्या तरी हातातला काटा बशीवर पडला. शेवटी काझनेच विचारलं, आणि त्याचा आवाज एरवीपेक्षा बारीक निघाला, "का?"

"हे बघ, उगीच हार घालायला येऊ नकोस," मुलवेनी म्हणाला. "तुमच्यावर प्रेम उतू चाललंय म्हणून नाही. तुमचे उतरवलेले कपडे आम्ही घालत नाही, एवढंच." मग तो अलॉन्झोकडे वळला, आणि बोलणं त्याला जड जाऊ लागलं. "आणि तू तीनदा माझ्या अंगावरून गेलास. छातीवर अजून बूट उमटलाय, दाखवू? आता ते म्हणतात, हा चालत नाही, तू चालशील. म्हणजे मी कोण झालो? ज्याने मला तुडवला त्याला दाराबाहेर ठेवला म्हणून आत आलेला. जन्मभर आरशात हे थोबाड बघायचंय मला."

"ते थोबाड तसंही बघवत नाही," काझ म्हणाला.

"तुझ्या मानेपेक्षा बरं. कुठून सुरू होते कळत नाही." मुलवेनीने नाक ओढलं. "तर ऐका. ज्या दिवशी तिकडे खेळतील, त्याच दिवशी आमच्या मैदानावर या. बर्फ असो, वादळ असो. कॉलेजं परवानगी देणार नाहीत, मोसम संपलाय; न देऊ देत. आणि याला आणा." त्याने अलॉन्झोकडे बोट केलं. "हा नसेल तर येऊच नका."

तो गेला. दार बंद झालं. मग मिसेस डंकल, ज्या कोपऱ्यात सूप पीत होत्या, मोठ्याने म्हणाल्या, "कॉरिगनवाले? *कॉरिगनवाले?*" आणि चमचा हातात तसाच धरून बसून राहिल्या. अलॉन्झोच्या लक्षात आलं की आपण काझचा दंड अजून धरूनच ठेवलाय. मंडळाने दार लावलं तेव्हा त्याने कुणाचाच आधार धरला नव्हता.

सामन्याच्या आदल्या दिवशी गुडघाभर बर्फ पडलं. सकाळी पुलावरून वेदरबीचे लोक खांद्यावर फावडी टाकून कॉरिगनकडे निघाले, तेव्हा पल्याडचे लोक आधीच मैदान उपसत होते. कुणी कुणाला रामराम केला नाही. दोन्ही बाजूंनी उपसत आले आणि मधोमध भेटले तेव्हा मात्र तिथे बर्फाचा ढीग कुणाच्या बाजूला टाकायचा यावरून जुंपली. कोच थॉर्नडाईकना हजर राहायची मनाई होती. ते गळपट्टा नाकापर्यंत ओढून प्रेक्षकांत उभे राहिले आणि तिथून एवढे ओरडले की गळपट्ट्याचा काही उपयोग झाला नाही.

ओडेसा बसने आली. पोराला कुणी आडवं पाडताना बघवत नाही म्हणून ती आजवर एकाही सामन्याला आली नव्हती. ती वेदरबीच्या लोकांत एकटीच उभी होती. थोड्या वेळाने तिच्या शेजारची जागा मिसेस डंकलनी घेतली. त्यांनी आपल्या पायाखालची फळी अर्धी तिच्याकडे सरकवली.

पहिल्या भागातच अलॉन्झो सुटला. मैदानाच्या रेषा दिसत नव्हत्या. तो धावतच राहिला, आणि पंचाने हात वर केले तेव्हा त्याला कळलं की आपण केव्हाच पलीकडे पोचलो. सहा गुण. नंतर एका जादा गुणासाठी खांबांमधून चेंडू लाथाडायचा असतो; ती लाथ बर्फात घसरली आणि चेंडू खांबावर आपटला. सहाच राहिले.

सामना संपत आला तरी सहाच होते. आता फक्त चेंडू पोटाशी धरून वेळ काढायचा. काझने चेंडू मागे दिला, अलॉन्झोने घेतला, दोन पावलं टाकली. त्याची बोटं लाकडासारखी झाली होती. कुणी धक्का दिला नाही, कुणी हात घातला नाही. चेंडू आपला निसटला, ओल्या साबणासारखा, आणि बर्फावर टप्पे खात गेला. मुलवेनी त्याच्यावर पडला, उठला, आणि लंगडत, धापा टाकत, मोकळ्या मैदानातून रेषेपार गेला. त्यांची लाथ मात्र खांबांमधून सरळ गेली.

सात-सहा. कॉरिगन.

अलॉन्झो गुडघ्यांवर बसला होता. त्याला वाटलं, आता ती शांतता येईल. पोस्टातली, न्हाव्याच्या दारातली.

"अरे ए प्रुइट!" वेदरबीच्या बाजूने मिसेस डंकलचा आवाज फाटला. "हाताला लोणी फासून आलास काय रे, मेल्या? माझी म्हातारी आईसुद्धा धरून बसली असती तो चेंडू!"

आणि मग सगळेच तुटून पडले. न्हावी, पोस्टातल्या बायका, कधी नाव न घेतलेली माणसं, सगळी त्याच्या नावाने शंख करू लागली. काझ धावत आला आणि त्याला उठवायचं सोडून डोक्यावर उभा राहून ओरडला, "गाढवा! दोन हातांनी धरायचा! दोन हात दिलेत ना देवाने?" अलॉन्झो वर पाहत राहिला. त्याला हे समजायला वेळ लागला. मग तो बर्फातच हसायला लागला, आणि काझ जास्तच चिडला.

सगळ्यात वाईट बोलली ती ओडेसा. पदर खोचावा तसा डोक्याचा रुमाल कानांमागे खोचून ती मैदानात आली. "एवढ्या लोकांनी एवढं केलं," ती म्हणाली, "आणि तू चेंडू *सोडलास*?"

कॉरिगनच्या व्यायामशाळेत दोन्ही गावांसाठी सूप होतं. पोरं ओल्या मोज्यांनी शेगडीभोवती बसली. मुलवेनीला चालता येत नव्हतं, तरी तो उठून उठून चेंडू कसा उचलला ते दाखवत होता. अलॉन्झो म्हणाला, "उचललास कुठे? तूच घसरून पडलास त्याच्यावर," आणि मुलवेनीने त्याच्यावर ओला टॉवेल फेकला.

तेवढ्यात कॉरिगनच्या कुणीतरी रेडिओ लावला. आधी खरखर, मग खूप लोकांचा आवाज, आणि एक माणूस आनंदाने सांगत होता की आकाश निळंशार आहे, बायका बिनबाह्यांच्या कपड्यांत आल्या आहेत, आणि पेलिकन बाऊलचं मैदान खच्चून भरलं आहे.

मुलवेनीचा हात हवेतच राहिला. "कोण खेळतंय?" त्याने विचारलं.

निवेदकाने दोन कॉलेजांची नावं घेतली. एक तिथलंच. दुसरं इकडचं, उत्तरेतलं, यांच्यासारखंच छोटं.

इतके दिवस दोन्ही गावं आपापल्या नकाराने एवढी भारावली होती की जागा रिकामी राहणार नाही हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. कुणीतरी गेलं होतं. त्यांच्याकडेही एखादा पोरगा घरी ठेवला असेल का, की ठेवायला कुणी नव्हताच, हे निवेदक सांगत नव्हता. फीनी शेगडीकडे पाहत होता. त्याचा चेहरा पार उतरला होता, आणि अलॉन्झोला पहिल्यांदाच कळेना की ते समुद्रासाठी की आणखी कशासाठी.

"बंद कर ते," काझ म्हणाला.

"नको," अलॉन्झो म्हणाला. "राहू दे."

त्याने स्टूल रेडिओपाशी ओढलं. मुलवेनी लंगडत येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. मग फीनी. एकेक करत बरेच जण आले. त्या मैदानावर कोण चेंडू घेऊन पळतंय, किती पळतंय, कुठे पडतंय, ते सगळं अलॉन्झोने नीट ऐकलं. मधे एकदा त्याचे पाय आपोआप हलले. राग आता आला होता, स्वच्छ आणि पुरता, आणि तो गिळायची त्याला घाई नव्हती.

शिट्टी वाजली तेव्हा ओडेसा दारात बसची वाट बघत उभी होती.

"कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"तिथलेच."

"बरं," ती म्हणाली. "कोट घाल. आणि बटणं लाव सगळी."